कालव्यावरचा दिवा

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या वेल्डरच्या दुकानाची पाटी दिसत होती ती नुसती सवयीने. बत्तीमामाने शटर वर ढकललं, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे चिमटे काढले, एकेकीत डिस्टिल्ड वॉटर ओतलं. रोजचं काम, हात आपोआप चालत होते. जीव मात्र आत उभ्या असलेल्या जुन्या मोटरसायकलपाशी अडकला होता. तिच्याकडे बघायचं टाळत टाळत तो तिच्याकडेच बघत होता.

बत्तीमामा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दोन वायरींना जोडलेला एक छोटा बल्ब तो कायम गळ्यात अडकवून हिंडायचा. जिथे शंका तिथे टोकं लावायची, पेटला तर करंट आहे, नाही तर नाही. पुढे मीटर घेतला, तरी बल्ब काही गळ्यातून उतरला नाही. ट्रॅक्टर म्हणू नका, टेम्पो म्हणू नका, विजेचं कसलंही दुखणं असो, लोक त्याच्याकडे आणत आणि तो ते बरं करत असे. दुकान मात्र दोन भिंतींमधली बोळी. गाडी आत घ्यायची तर हँडल पार डावीकडे मुरडून भिंतीला लावायची, तेव्हा कुठे माणसाला आडवं होऊन पलीकडे जाता यायचं.

ही मोटरसायकल त्याच्या तरुणपणची. तिच्यावरच त्याने बायकोला घरी आणलं, तिच्यावरच लेकीला क्लच सोडायला शिकवलं. लेक आता नर्स झाली. दवाखाना कालव्यापलीकडे, दुपारची ड्यूटी, आणि सुटायच्या वेळेला एकही बस नाही. मग ती बापाची गाडी नेऊ लागली. बापाला कोण अभिमान! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

तो अभिमान गेल्या आठवड्यात घशात अडकला. ती रात्री परतताना कालव्याच्या रस्त्यावर दिव्याचा उजेड आधी पिवळा झाला, मग विझत्या निखाऱ्यासारखा तांबडा, आणि मग गेलाच. पाठोपाठ इंजिनही बंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं, आणि मागून वाळूचा ट्रक. तो इतक्या जवळून गेला की पोरीची ओढणी उडाली. हे तिने बापाला सांगितलं नाही, आईला सांगितलं. आईने ते जेवताना, त्याच्याकडे न बघता, ताटात वाढावं तसं वाढलं.

त्याने बॅटरी बदलली. रेग्युलेटर बदलला. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. इंजिनातल्या कॉइलचं माप घेतलं, तेही चोख. दुकानात गाडी सुरू करून दिवा लावला, ॲक्सिलरेटर पिळला, की मीटरचा काटा शहाण्या पोरासारखा वर चढायचा. म्हणजे बॅटरीचं चार्जिंग उत्तम. लेक गाडी घेऊन जायची आणि येताना पुन्हा तेच. काल तर कालव्यापासून घरापर्यंत ढकलत आणली. दुकानात एक बोलायचं आणि रस्त्यावर दुसरंच, असली फिरलेल्या साक्षीदारासारखी गाडी त्याने उभ्या जन्मात बघितली नव्हती.

सकाळी चहाचा कप आपटत बायको म्हणाली होती, "सगळ्या गावाचे दिवे लावता आणि लेकीचा तेवढा लागेना. गाडी शिकवायची हौस तुमचीच होती ना?"

पोरीला आज जाऊ नको म्हणावं, तर या दुरुस्तीपायी आधीच दोनदा उशीर झालेला. मोठ्या सिस्टरने सांगून ठेवलं होतं, की आता खाडा झाला तर दुसरी मुलगी बघू. आणि जा म्हणावं, तर तो ट्रक त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. तीच कॉइल, तोच रेग्युलेटर, तोच काटा. वेल्डर चष्मा कपाळावर चढवून डोकावला आणि म्हणाला, मामा, मला द्या, छान फाटक करून देतो. एरवी मामाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्याने पुन्हा कॉइलला मीटर लावला. वेल्डर परत गेला.

ऊन वर आलं, धुकं विरलं, आणि लेक डबा घेऊन गणवेशातच दुकानात आली. बापाचं तोंड बघून तिला कळलं. तो म्हणाला, जरा बस वर आणि रेस धरून ठेव, मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. ती बसली, इंजिन चालू केलं, दिवा लावला. तो बॅटरीपाशी उकिडवा, डोळे काट्यावर. काटा वर होता. आणि एकदम पडला.

"काय केलंस?" तो ओरडला.

"काही नाही बाबा. नीट बसले."

नीट बसली, म्हणजे कुणीही बसेल तशीच बसली होती. भिंतीकडे मुरडलेलं हँडल तिने समोर सरळ घेतलं होतं. मामा तसाच उकिडवा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, पुन्हा डावीकडे घे. काटा चढला. सरळ कर. काटा पडला.

इतके दिवस तो गाडीला वाकडी मान करून तपासत होता, आणि पोर तिला सरळ मानेने चालवत होती.

"आमच्याकडे असे पेशंट असतात," लेक म्हणाली. "झोपवून बीपी घेतलं तर ठणठणीत, उभं केलं की चक्कर."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तपासताना तुम्ही कुठे मला गाडीला हात लावू देत होता?"

त्या जुन्या गाडीत चार्जिंगची एक वायर हँडलवरच्या दिव्याच्या बटणापर्यंत जाऊन परत मागे यायची. त्याने हेडलाइट उघडला, हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा सोडवला आणि एकेक वायर चिमटीत धरून वाकवत गेला. एक वायर वाकताना लुळी पडली. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तार तुटलेली. हँडल डावीकडे असलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, सरळ केलं की सुटायची. त्याने तेवढा तुकडा कापून काढला, नवी वायर थोडी सैल ठेवून कथिलाचा डाग देऊन जोडली, वर नळी चढवली. गाडी बोळीतून बाहेर रस्त्यावर काढली आणि डावीकडे, सरळ, उजवीकडे हँडल फिरवून काटा बघितला. हलला नाही. तरी स्वतः कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला. लेक घड्याळ दाखवत उभी होती. तिने किक मारली आणि गेली.

दुपारभर मामाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका टेम्पोचा डावा इंडिकेटर उजवीकडे जोडला आणि ड्रायव्हरच्या शिव्या निमूट ऐकल्या. ती एकच वायर होती कशावरून? जुना जुडगा, एक तुटली म्हणजे शेजारचीही कुजलेली असणार. दिवस कलला तसं त्याने दुकान आवरलं आणि घराच्या ओट्यावर येऊन बसला. तिथून कालव्याचा रस्ता लांबवर दिसायचा. थोड्या वेळाने बायकोही बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहिली. सकाळपासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

अंधार पडला. एक दिवा आला, तो स्कूटरचा निघाला. दुसरा एकडोळ्या ट्रॅक्टरचा. मग बराच वेळ काहीच नाही. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मामा पाणी प्यायलाही उठला नाही.

मग लांबवर एक दिवा दिसला. पांढरा. वळणावर आला, वळला, सरळ झाला. मंद झाला नाही. झाडांची खोडं एकेक करून उजळत तो जवळ येत गेला, आणि आवाज ऐकू आल्यावर बायकोने पदर सोडला.

लेकीने गाडी ओट्याला लावली, हेल्मेट काढलं. "बाबा, हॉर्न वाजत नाही. त्या दूधवाल्याला घसा फाडून बाजूला सारावं लागलं."

हेडलाइट उघडताना त्याने हॉर्नची वायर काढली होती. लावायची राहिली होती. तो उठला, गळ्यातला बल्ब हातात घेतला.

"ते उद्या बघा," बायको म्हणाली. आवाजात सकाळची धार नव्हती. "दोरीवरचे कपडे काढून आणा आधी, दव पडायला लागलंय. आणि हात धुऊन. पांढऱ्या चादरी आहेत."

मामाने बल्ब पुन्हा गळ्यात अडकवला, मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि मागच्या अंगणात जाऊन चादरी काढायला लागला.