बिनपरवाना बी.ए.

मॅट्रिक व्हायच्या आधी मी बी.ए. झाले, आणि त्याबद्दल माझा रीतसर पंचनामा झाला!

गोष्ट त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची. अहेरीजवळच्या जंगलनाक्यावर बाबा फॉरेस्ट गार्ड होते. शाळेतल्या हिंदीच्या बाई मला पाचवीपासून शाळेबाहेरच्या हिंदी परीक्षांना बसवत होत्या. एकेक पायरी चढत नववीत मी शेवटची परीक्षा पास झाले. पोस्टाने प्रमाणपत्र आलं. त्यावर चक्क छापलेलं, 'बी.ए. (हिंदी) समकक्ष'! मी ते गावभर मिरवलं. (बाजारातल्या मिरचीवालीलाही दाखवलं. ती त्यात मिरची बांधायला निघाली होती.)

पटलं नाही ते एकट्या बाबांना. त्यांचा जन्म ट्रक अडवण्यात गेलेला. आधी परवाना, मग माल!

"मॅट्रिक नाई, बारावी नाई, अन् डायरेक्ट बी.ए.? मधला माल कुठी गेला?"

"बाबा, मी मेहनत केली!"

"चोर बी मेहनतच करते."

आई चुलीपासून ओरडली, "पोटच्या पोरीवर काऊन शक करून राह्यले जी?"

"शक नाई. चौकशी करून राह्यलो."

शेजारचे किसनभाऊ आणि पानठेलेवाले देवाजीभाऊ पंच म्हणून आले. बाबांनी प्रमाणपत्राची गुंडाळी केली, टेप लावला आणि लाकडासारखं मोजून लिहिलं, 'कागद एक नग, लांबी चौदा इंच, गोलाई चार इंच, जात संशयित.' पंचांनी चहा पिऊन सह्या केल्या. माझी बी.ए. जप्त कुऱ्हाडींच्या पेटीत गेली!

मी रडून घर डोक्यावर घेतलं. पंधरा ऑगस्टला शाळेत माझा सत्कार होता, आणि अस्सल कागद हातात असल्याशिवाय हार घालणार नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. (संशय त्यांनाही होताच!)

शेवटी बाबांनी तोड काढली. नाक्यावर उत्तरेकडचा ट्रक थांबला होता. "ह्या ड्रायव्हरशी हिंदीत बोल. त्याले समजलं तर तुही डिग्री खरी."

मी वेण्या मागे टाकल्या, घसा साफ केला. "महोदय, कृपया अपने वाहन का अनुज्ञापत्र प्रस्तुत करने का कष्ट करें!"

ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. मग हात जोडून बाबांना म्हणाला, "बाबूजी, बच्ची को बोलो मराठी में बोले. वो थोड़ी-थोड़ी समझता हूँ."

"पाह्यलं?" बाबा आईला म्हणाले. "हिंदीवाल्यालेच हिंदी समजली नाई!" पेटीला दुसरं कुलूप लागलं.

चौदा तारखेला हिंदीच्या बाईंनी हेडमास्तरांनाच सायकलवरून नाक्यावर पिटाळलं. प्रमाणपत्र ताब्यात देताना बाबांनी त्यांच्याकडून सुपुर्दनामा लिहून घेतला, 'माल तपासासाठी मागाल तेव्हा हजर करीन.' हेडमास्तरांनी घाम पुसत सही केली.

सत्कार झाला. बाबा दोन्ही पंचांना घेऊन पहिल्या रांगेत मालावर नजर ठेवून बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी नाही. "केस चालू हाय," म्हणाले.

ते मला फार लागलं. दहावीत दाखवतेच ह्यांना, अशी शपथ घेतली आणि गणित, भूमिती, विज्ञान घासून काढलं. हिंदीचं पुस्तक तेवढं उघडलं नाही. बी.ए. झालेल्या बाईने दहावीचं हिंदी काय वाचायचं?

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत बरे मार्क, आणि हिंदीत छत्तीस!

बाबांनी मार्कलिस्ट एकदाच वाचली. टेप नाही, पंच नाहीत, एक प्रश्न नाही. चष्मा काढून आईला म्हणाले, "हे असली हाय. आपल्या पोरीचंच हाय."