वहिनींच्या एकोणीस ओळी

माझ्या वहिनींना ऑफिसात सगळे ‘भिंग’ म्हणतात. आम्ही लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो. मूळ प्रोग्रॅमची वेगळी प्रत, म्हणजे ब्रँच, काढून कुणी त्यात बदल केले, की ते मुळात मिसळण्याआधी वहिनी दोन्ही शेजारी लावून ओळ न् ओळ ताडून पाहतात. चूक दाखवतात तीही इतक्या गोड आवाजात, की समोरचा थँक्यू म्हणूनच उठतो. मला हे जमत नाही. माझा राग नाकावर.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दादा परगावी नोकरीला आणि मी इथला साहेब. रजा घेतली वहिनींनी, चांगली सात महिन्यांची. त्यांची एक ब्रँच अर्धवट राहिली होती: हळू चालणाऱ्यांसाठी लिफ्टचं दार जास्त वेळ उघडं ठेवायची. परत आल्यावर चार दिवसांत त्यांनी ती पुरी केली आणि माझ्याकडे पाठवली.

मी ती मूळ प्रोग्रॅमशी ताडली. स्क्रीन लालभडक. चारशे बारा ओळी गायब!

“वहिनी, निम्मा प्रोग्रॅम पुसलात की हो!” मी सगळ्यांसमोर ओरडलो. “डिलीटच करतो ही ब्रँच.”

वहिनींचा चेहरा उतरला. मग त्या स्क्रीनजवळ आल्या.

“भाऊजी, तुम्ही ती आजच्या प्रोग्रॅमशी लावलीत. ती निघाली सात महिन्यांपूर्वी. तेव्हाच्याशी लावून बघा ना.”

लावली. नव्या एकोणीस ओळी हिरव्या, लाल एकही नाही.

“मग त्या चारशे बारा?”

“पुसल्या नाहीत हो. माझ्याकडे आल्याच नाहीत. मी नसताना तुम्ही मंडळींनी लिहिल्यात. आधी त्या माझ्या ब्रँचमध्ये घेते, मग मिसळा.”

कुणी लिहिल्या ते मी पाहिलं. तीनशेवर माझ्याच होत्या. घरी आईला वहिनी उठवत-बसवत होत्या, म्हणून मी इथे निवांत बसून लिहिलेल्या. फार लाज वाटली. “चुकलो,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

“असू द्या,” म्हणून त्या कामाला लागल्या. दोन ठिकाणी त्यांचं आणि माझं लिहिणं एकाच जागी येऊन आपसात अडलं, तेही जेवणाच्या सुट्टीआधी सोडवलं. दुपारी ब्रँच मुळात मिसळली.

“वहिनी, उद्यापासून आईचे सकाळचे व्यायाम मी घेतो.”

“सहाला उठावं लागतं.”

“उठेन.”

“आणि आवाज चढवू नका,” वहिनी हसल्या, “आईंच्या हातात काठी असते.”