मालकाचं नाव न घेता

नाव : श्री. हौसराव गेनभाऊ पऱ्हाड. वय : अठ्ठावन्न. राहणार मौजे केंदूर, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. बांधा मध्यम, वर्ण सावळा, डोक्यास पांढरी टोपी. ओळखण्याची खूण : आवाज. शिक्षण : नववी. हुद्दा : मुख्य निवेदक, आंतरराष्ट्रीय श्वान प्रदर्शन, मुक्काम राहू, तालुका दौंड. सदर व्यक्तीस प्रदर्शनाच्या सर्व भागांत मुक्त प्रवेश राहील. मात्र तिने श्वानांस हात लावू नये.

हौसरावांच्या ओळखपत्रावरचा वरील मजकूर खरा आहे. तो खरा कसा झाला, हे मात्र हौसरावांना अजून नीट उमगलेलं नाही.

हौसराव मुळात बैलगाडा शर्यतींचे निवेदक. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतो. एवढ्यात बघणाऱ्याला दिसतं थोडं आणि ऐकू येतं फार, आणि ते ऐकवण्याचं काम निवेदकाचं. पण त्याची खरी कसोटी गाडा सुटण्याआधी लागते. आधी मालक पुकारायचा. नुसत्या नावानं भागत नाही. ‘माजी उपसरपंच, विकास सोसायटीचे विद्यमान संचालक, दानशूर व्यक्तिमत्त्व’ हे सगळं मानाच्या क्रमानं यावं लागतं. एखादं पद गळलं तर मालक बैल सोडून माईकपाशी येतो. बैलाचं नाव सगळ्यात शेवटी. बैलांनी त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही.

हौसरावांकडून उभ्या हयातीत कुणाचं पद गळलं नव्हतं. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतही ते गोठ्यात म्हशीची धार काढताना मालक पुकारत. नाहीतर जीभ गंजते, असं त्यांचं म्हणणं. बंदी उठली, घाट पुन्हा गाजू लागले, आणि मग केंदूरच्याच यात्रेत त्यांचा माईक गेला. यात्रा कमिटीचे अध्यक्ष मारुतराव यांनी बाहेरगावचा एक पोरगा आणला. तो हिंदीत शेर म्हणायचा आणि बोलता बोलता मोबाईलवर लाईव्ह दाखवायचा. आपल्या गावच्या यात्रेत आपला माईक नसणं म्हणजे गावजेवणात आपलं पान नसणं. हौसराव यात्रेच्या दिवशी रानात जाऊन बसले. तिथंही स्पीकर ऐकू येत होता.

“तेवढाच घशाला आराम,” सारजाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी. लग्नापासून त्यांनी नवऱ्याचा आवाज सोसलेला असल्यामुळे त्यांचं मत या बाबतीत निःपक्षपाती मानता येणार नाही.

आता उरला होता एकच माईक, आणि तो कुत्र्यांचा.

तो मिळाला होता अपघातानं. राहूला उसाच्या मळ्यांमधल्या एका मोकळ्या मैदानावर पुण्याच्या मंडळींनी श्वान प्रदर्शन भरवलं, त्या पहिल्या वर्षी त्यांचा निवेदक यवतच्या अलीकडं गाडी बंद पडून अडकला. स्पीकर होता धम्मदीपचा. धम्मदीप रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्पीकर भाड्यानं देतो. बैलांच्या घाटात तोच स्पीकर, तोच धम्मदीप. त्यानं हौसरावांना फोन केला.

“मामा, या बिगीनं. जनावरंच हायेत. फकस्त बारकी हायेत.”

हौसराव गेले. रिंगणाला दोरी बांधली होती. मधे फिनलंडहून आलेल्या जजबाई उभ्या होत्या. कोट घातलेल्या एका मुलीनं एक कुत्रं दोरीनं गोल फिरवलं आणि उभं केलं. बाईंनी त्याचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि मुलगी कुत्र्यासह निघून गेली. हौसराव माईक तोंडाशी धरून वाट बघत राहिले.

“सुटलं कवा?” त्यांनी धम्मदीपला विचारलं.

“झालं मामा.”

“झालं? मग पैला कोन आला?”

“एकच हुतं की.”

हौसरावांनी ठरवलं, आपल्याला जे येतं ते करावं. त्यांनी रिंगणाच्या तोंडाशी प्रत्येकाला नाव, गाव, पद विचारलं आणि पुढच्या कुत्र्यापासून मालक पुकारायला सुरुवात केली. “राहू गावचे प्रगतशील बागायतदार, पाणीवापर संस्थेचे खजिनदार, श्री. पोपटराव...” आणि शेवटी, सवयीनं, घाटातली ती आरोळी: “भिर्रर्रर्र!” त्याचा परिणाम असा झाला की दोन कुत्री उसात गेली, आणि एक पोत्याएवढं केसाळ कुत्रं होतं ते जागेवर बसलं आणि संध्याकाळपर्यंत उठलं नाही.

प्रदर्शनाच्या चिटणीस अनुपमाताई धावत आल्या.

“काका, अहो काका, मालकाचं नाव घ्यायचं नसतं! कुत्रं कोणाचं आहे हे जजना कळता कामा नये.”

“मग कळायचं कसं, कुनाचं हाय ते?”

“नाहीच कळायचं.”

“कुनालाच?”

“जजना.”

“आन् मालक आलाय कशाला एवढ्या लांबनं?”

याचं उत्तर अनुपमाताईंपाशी होतं, पण ते इंग्रजीत होतं. सुदैवानं जजबाईंना मराठीचा गंध नव्हता. त्या सगळ्या पुकाऱ्याला त्या या भागातलं पारंपरिक गायन समजल्या, आणि जाताना त्याची त्यांनी तोंडभरून स्तुती केली. हौसराव राहिले.

दुसऱ्या वर्षी गर्दी दुप्पट झाली, तिसऱ्या वर्षी गाड्या रस्त्यावर लागल्या. यशाची कारणं ज्यानं त्यानं आपापली शोधली. अनुपमाताई म्हणाल्या, हा समाजमाध्यमांचा परिणाम. पुण्याचे त्यांचे सहकारी म्हणाले, परदेशी जजांचा. पहिल्या वर्षी पोपटरावांचं नाव पदासह भर स्पीकरवरून राहूच्या तीन वस्त्यांवर ऐकू गेलं होतं, आणि त्यानंतर त्या वस्त्यांवर कारवान जातीची लांबट, उंच, पोट आत गेलेली कुत्री अचानक वाढली होती, याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. हौसरावांचंही नाही. त्यांच्या मते माणसं येत होती ती कुत्र्याला शांपू लावतात हे बघायला.

कोण कशासाठी जिंकतं हे तर त्यांना तीन वर्षांत उलगडलं नाही. पळत नाही, ओढत नाही, राखण करत नाही, नुसतं उभं राहतं, आणि रिबीन त्याला. शेवटी धम्मदीपनं समजावलं.

“मामा, आमच्यात पार्ट येतो ना तपासायला, तसं हाय. पार्ट चालतो का न्हाई ते नंतर. मापात हाय का, एवढंच बगायचं. आन् पार्ट कुनी बनवला ते इन्स्पेक्टरला सांगायचं न्हाई.”

“आन् सांगितलं तर?”

“तर मापात न्हाई तेबी मापात बसतं.”

“मग त्येच्यात वाईट काय?” हौसरावांनी विचारलं. आयुष्यभर ज्या कामावर त्यांनी पोट भरलं, ते बहुतेक याच तत्त्वावर चाललं होतं.

गेल्या वर्षी गोष्ट निकराला आली. प्रदर्शनाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायची होती आणि ती द्यावी का हे बघायला एक निरीक्षक येणार होते, मराठी कळणारे. अनुपमाताईंनी सकाळीच हौसरावांना बाजूला घेतलं.

“काका, आज फक्त नंबर. एक जरी नाव घेतलंत तर मान्यता जाईल, आणि मग पुढच्या वर्षी मला तुम्हाला बोलावता येणार नाही. मला वाईट वाटेल, पण नाही बोलावता येणार.”

“फकस्त नंबर,” हौसराव म्हणाले.

ते वळले तर समोर मारुतराव. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, डोळ्यांवर काळा चष्मा, मागं पुतण्या, आणि पुतण्याला फरफटत नेणारं एक देखणं कारवान कुत्रं. नाव पायलट.

“हौसा, आपला सत्तेचाळीस नंबर. सगळी पदं घ्यायची. पतसंस्थेचं नवीन हाय, ते आधी घे.”

“आप्पा, हितं नाव घेत न्हाईत.”

“कोन घेत न्हाई? पोपटरावचं घेतलं ते?”

“ते चुकून घेतलं. आता मान्यता यायचीय.”

“हे बघ,” मारुतराव आवाज उतरवून म्हणाले, “यात्रा तोंडावर आलीय. त्या शेरवाल्या पोराला लोक कट्टाळलेत. आज नाव घे, यात्रंचा माईक तुझा. न्हाई घेतलंस तर गावात तुला माईक दिसनार न्हाई, मंगळागौरीचाबी न्हाई.”

हौसराव माईकपाशी येऊन बसले. इकडचं राखावं तर तिकडचं जातं. तिकडचं धरावं तर इकडचं. त्यांनी धम्मदीपला सल्ला विचारला. धम्मदीप म्हणाला, “मामा, मी वायरीचं बगतो.” आणि खरंच वायरीचं बघायला गेला.

नंबर चढत गेले. चाळीस. बेचाळीस. स्पीकरचा आवाज आला की पायलट दचकायचा, उडी मारायचा, पुतण्या दोरीला लोंबकळायचा. मारुतराव दोरीपाशी छाती काढून उभे होते. टेबलापाशी निरीक्षक, शेजारी हात जोडल्यासारख्या अनुपमाताई.

“नंबर सत्तेचाळीस,” हौसराव म्हणाले.

पुढचं सगळं ओठांवर आलं होतं. पतसंस्था, सोसायटी, उपसरपंच, दानशूर, सगळं ओळीनं उभं. ते बाहेर येईना आणि मागंही जाईना. माईक चालू होता, आणि त्यातून मैदानभर फक्त हौसरावांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी तोही धरला. लोकांना वाटलं लाईट गेली. बोलणं थांबलं, भजी तळणाऱ्यानंसुद्धा झारा वर धरला. पायलट पुढच्या दचक्याची वाट बघत कान टवकारून, मान उंच करून, चारही पाय रोवून उभा राहिला. सकाळपासून प्रथमच.

जजबाई त्याच्याभोवती एकदा फिरल्या. पुन्हा एकदा फिरल्या. आणि रिबीन पायलटला दिली. ती शांततेमुळं की खांद्याच्या मापामुळं, हे त्यांनी सांगितलं नाही.

हौसरावांनी माईक खाली ठेवला. केंदूरचा माईक गेला, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात मारुतरावांनी येऊन त्यांना मिठी मारली.

“हौसा, काय डोकं चालवलंस रं! सगळं मैदान इचारत हुतं, ह्ये कुत्रं कुनाचं, ह्ये कुत्रं कुनाचं. तू माईकवर सांगितलं असतंस तर कुनी इचारलं असतं का?”

“मग... यात्रंचा माईक, आप्पा?”

“तेच म्हंतोय मी. यात्रंतबी असंच करायचं. आपला गाडा आला की त्या पोरानी नाव घ्यायचं न्हाई, गप बसायचं. कसं बसायचं ते तू त्याला शिकव. तुझी खुर्ची त्याच्या शेजारी. मानाची.”

हौसराव हो म्हणाले. कशाला हो म्हणालो, याचा विचार ते करत असतानाच अनुपमाताई आल्या. निरीक्षक खूश होते. मान्यता मिळणार होती. हौसरावांनी पाळलेली शिस्त त्यांनी खास नोंदवली होती.

“काका, पुढच्या वर्षीपासून तुम्ही आमचे मुख्य निवेदक!”

“आन् बोलायचं काय?”

“काही नाही! नंबर आता स्क्रीनवर येणार. तुम्हाला काही त्रासच नाही.”

रात्री जेवताना हौसरावांनी दोन्ही बातम्या सारजाबाईंना सांगितल्या. त्यांनी भाकरी वाढली आणि विचारलं,

“म्हंजी माईक मिळाला का गेला?”

“दोन्हीकडं मान वाढला.”

“मान इचारला न्हाई मी. माईक इचारला.”

हौसरावांनी कोरड्यास मागितलं.

यात्रा झाली. मारुतरावांचा गाडा आला तेव्हा शेरवाला पोरगा गप बसला, शेजारच्या मानाच्या खुर्चीत हौसरावही गप बसले, आणि कुणीही काही विचारलं नाही, कारण केंदुरात मारुतरावांचे बैल सगळ्यांना ठाऊक आहेत. मारुतराव चार दिवस दोघांशी बोलले नाहीत.

यंदा प्रदर्शनाला सात देशांची कुत्री आली. स्क्रीन आली, मान्यतेचा फलक आला, गाड्यांची रांग पार गावाच्या वेशीपर्यंत गेली. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात मुख्य निवेदक म्हणून श्री. हौसराव गेनभाऊ पऱ्हाड यांचा फेट्यातला फोटो आहे.

ते स्वतः पार्किंगला असतात. तिथं मालकाचं नाव घेतलेलं चालतं.