डावी बाजू राहिली

सकाळी साडेसातला टेमघरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर नेहमीचीच धांदल होती. नळ जायच्या आत पिंप भरायचं, नवऱ्याच्या, नरेंद्रच्या डब्याची भेंडी परतायची, आणि वडप्याच्या गोदामात आठला ड्युटीवर हजर व्हायचं असताना त्याचा एक मोजा काही सापडत नव्हता. तेवढ्यात दाराची कडी वाजली. बेल असताना कडी वाजवणारं माणूस गावाकडचं, एवढं संघरत्नाला पदराला हात पुसतापुसता कळलं. पण दारात अंजूरच्या राहीबाई उभ्या असतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

स्वप्नात यायची ती त्यांची थोरली मुलगी, क्षितिजा. वर्ष झालं, ती या घरातून हललेली नव्हती.

संघरत्ना बी.ए. झालेली. घर सांभाळून केसांची कामं करायची. पाटी नाही, खुर्ची नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल, भिंतीवरचा आरसा आणि उल्हासनगरहून आणलेली वीतभर लांबीची, केस सरळ करायची मशीन. बाया तिला सरळ इस्त्रीच म्हणत. संघरत्नाचा हात सबुरीचा होता. केस पुरते वाळल्याशिवाय ती मशीनला हात लावायची नाही. बोटभर रुंदीची एकेक बट घ्यायची, आधी कागदाच्या कपट्यावर मशीन दाबून बघायची, कपटा पिवळा पडला तर थांबायची. लग्नसराईत अंजूरपासूनच्या मुली रिक्षा करून तिच्याकडे येत.

काम धरायचं ते लोडशेडिंगच्या वेळा बघून. २००७च्या त्या मे महिन्यात वेळापत्रक बदललं, आणि संघरत्नाला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्षितिजाचा साखरपुडा. दाट, कुरळे केस. उजवी बाजू पाण्यासारखी खाली उतरली. डावीला सुरुवात करणार, तोच मागच्या गल्लीतले कापड विणायचे लूम एका दमात थांबले. लाईट गेली.

क्षितिजानं आरशात पाहिलं आणि पोट धरून हसली. "वहिनी, आता सासूबाईंना म्हणावं, एकाच बाजूनं बघा."

"दोन तास तरी येत नाही आता," संघरत्ना म्हणाली. "जा, घरी जाऊन जेवून ये. उरलेले मग करू."

डोक्याला ओढणी गुंडाळून ती मावसभावाच्या स्कूटरवर बसली. अंजूरच्या वळणावर कंटेनर आला. भाऊ वाचला.

लूम पुन्हा खडखडू लागले तेव्हा संघरत्ना मशीन तापवून तिची वाट बघत होती.

त्यानंतर मशीन कपाटात गेली. गावात कुणीकुणी म्हणू लागलं, ती वळणावर दिसते, अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे. संघरत्नाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी अंजूरची रिक्षा तिनं पुन्हा धरली नाही. लूम थांबले की त्या शांततेत मागं स्टुलावर कुणी ओढणी सोडतंय असं वाटायचं, आणि मशीन बंद असताना तापल्या केसांचा वास यायचा. एके दिवशी तिनं आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. नरेंद्र मोरीतल्या तुकड्यात बघून दाढी करू लागला.

"आत ये म्हन तरी," दारात उभ्या राहीबाई म्हणाल्या. "वर्ष झालं, तुझा पायरव न्हाय आमच्या दारात."

"कशी येणार होते मावशी?"

"आली असतीस तर मी काय खाल्लं असतं तुला?" त्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. मागून धाकटी उन्नती आली. तेच केस. संघरत्नाचा हात चौकटीवरच राहिला. "वर्षश्राद्ध झालं, आता हिचा उद्या साखरपुडा हाय. इस्त्री काढ गो."

"मी सोडलं ते काम."

"मी बी हिला सांगितलं, नको म्हनून. तुझे केस हायेत तसेच बरे. ऐकते कुठं?"

उन्नती स्टुलाकडे बघत होती. "वहिनी, आरशात बघितलं की ताई माझ्या मागं येऊन उभी राहते. रोज. डावी बाजू दाखवते, काही बोलत नाही. मला तिची भीती नाही वाटत. पण ती अशीच किती दिवस उभी राहणार?"

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. नरेंद्र डबा हातात घेऊन दारातच थांबला होता, एका पायात मोजा.

संघरत्नानं कपाट उघडलं. मशीनची वायर वर्षभरात वेटोळं धरून ताठ झाली होती. ती तिनं सोडवून सरळ केली. तिनं उन्नतीला बसवलं, तिच्या मानेवरचे केस हातात घेतले आणि राहीबाईंकडे वळली.

"मावशी, एकच मागते. मध्येच लाईट गेली तर हिला उठवू नका. लाईट येईपर्यंत हिला इथंच बसू द्या."