उजव्या लेनमधला मामा

भाचीच्या लग्नात मी पोहोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं.

उशीर माझ्यामुळे झाला नाही. (असं मी अजूनही सांगतो. ऐकणारं कोणी उरलेलं नाही.) सोनईहून आम्ही वेळेत निघालो होतो. नगरच्या शेवटच्या सिग्नलला उजवीकडे वळलं की समोरच कार्यालय! मी शिस्तीत उजव्या लेनमध्ये, रंगवलेल्या बाणावर गाडी उभी केली. पुढे एक जीप होती. उजवीकडचा हिरवा दिवा लागला, तरी जीप ढिम्म!

मी उतरून विचारलं, "वळायचंय ना?"

"न्हाई, सरळ जायचंय."

"मग ही लेन कशाला अडवलीत?"

"हितं सावली हाय!"

जाहिरातीच्या फलकाची सावली होती खरी. तेवढ्यात डाव्या कडेचे टेम्पो, रिक्षा, बुलेट आमच्या नाकासमोरून आडवे घुसून उजवीकडे निघून गेले आणि दिवा लाल झाला.

"आवो, घाला की डावीकडनं!" बायको ओरडली. "एकुलते एक मामा तुमी! पोरीला मांडवात कोन आननार?"

"मी मास्तर आहे. नियम मोडणार नाही."

"मग बसा हितंच शाळा घेत!"

जीप गेली. मी गिअर टाकेपर्यंत उसाचा ट्रॅक्टर सावलीत घुसला. त्यालाही सरळच जायचं होतं! तिसऱ्या खेपेला एकदाचा वळलो, तर डावीकडून आलेला बुलेटवाला माझ्यावरच खेकसला, "ओ काका, मधी काय घुसता?"

आमच्याकडची लग्नं तासतासभर उशिरा लागतात. नेमकं हेच मुहूर्तावर लागलं! भटजींनी तीनदा मामाला पुकारलं, आणि शेवटी आचाऱ्याला फेटा बांधून मामा म्हणून नवरीमागे उभं केलं. तोही त्याच चौकातून आला होता. "डावीकडनं टेम्पो घातला आन् वळलो. त्यात काय?" असं तो सगळ्यांना सांगत होता.

बहीण एवढंच म्हणाली, "दादा, आज तरी यायचं हुतंस रं." ते फार लागलं. नियम पाळल्याचं सांगायची लाज वाटली.

पंगतीत तोच फेटेवाला बुंदी वाढायला आला. "पाव्हनं, लाजू नका. तुमी कोन म्हनायचे?"

मामा म्हणवेना. "ड्रायव्हर," मी म्हणालो.

शेजारून बायको म्हणाली, "त्ये बी धड न्हाई!"