तोंड न दिसणारा आरसा

आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात त्याला कारण आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत आम्ही एक्स-रे डिफ्रॅक्शनचं मशीन चालवतो. पावडरवर एक्स-रे सोडायचे, ते कुठल्या कोनात उसळतात ते बघायचं, आणि त्यावरून औषधाचे स्फटिक हवे तसेच आहेत का ते ओळखायचं. एकदा स्कॅन लावलं की ते संपेपर्यंत दार उघडता येत नाही. मग तीन माणसं करणार काय? बोलणार. चिंचणीचे राऊत सर, दांडीची हर्षदा आणि माकुणसारची मी.

*

राऊत सरांच्या गावात बातमी पसरली होती की सर एक्स-रेवाले आहेत. शेजारचे भाऊकाका एका रविवारी लंगडत त्यांच्या ओट्यावर येऊन बसले.

"गुडघा लय दुखतोय. तुज्या मशीनवर एक फोटो काढून दे ना."

सरांनी समजावलं, "काका, आमच्या मशीनची रीत वेगळी आहे. गुडघा आधी खलबत्त्यात बारीक कुटावा लागेल."

काका उठले आणि चांगले तरातरा चालत घरी गेले.

*

तेव्हा आमच्या मशीनवर आरसा नव्हता. होल्डरमध्ये पावडर भरताना ती काठाला अगदी समतल बसवावी लागे. केसभर वर राहिली तरी आलेखावरची सगळी टोकं, म्हणजे आमच्या भाषेत पीक, बाजूला सरकायची. आणि पीक सरकले की औषधच बदललंय की काय, अशी शंका. राऊत सर काचेची पट्टी फिरवून पावडर अशी बसवत की बघत राहावं.

एकदा ते रजेवर होते आणि एक बॅच अडकली. मी घाबरून त्यांना फोन लावला. उचलला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने.

"काकू, सरांना सांगा ना, सगळे पीक सरकलेत."

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "अगो बाय, बांध कोणी फोडला?"

सर रजा सोडून आले, पावडर पुन्हा भरली, पीक जागेवर आले. बॅच सुटली. मी त्यांना थँक्यू म्हणायला गेले तर म्हणाले, "मला नको. काकूला फोन कर. ती अजून वाडीच्या बांधावर उभी आहे."

*

मग मल्टिलेयर मिरर आला. तळहाताएवढा तुकडा, त्यावर दोन पदार्थांचे अतिशय पातळ थर आलटून पालटून चढवलेले. पसरत जाणारे एक्स-रे त्याच्यावरून निघतात ते समांतर होऊन. त्यामुळे नमुना थोडा वरखाली असला, खडबडीत असला, तरी पीक हलत नाहीत.

कंपनीत फॅमिली डे होता. हर्षदाची आई दांडीहून आली होती. लेकीने मोठ्या कौतुकाने मिररचा फोटो दाखवला. आईने तो जवळून बघितला, लांबून बघितला.

"तोंड दिसत नाय तो आरसा कसला गो?"

राऊत सर म्हणाले, "बरंच आहे वहिनी. दिसलं असतं तर ही कामं सोडून केस विंचरत बसली असती."

हर्षदाने सरांच्या तुळतुळीत डोक्याकडे शांतपणे बघितलं. "सर, तुमची तेवडी अडचण नाय."

*

मिरर आल्यावर सर जरा गप्प झाले होते. पावडर कशीही भरली तरी चालत होती, मग त्यांच्या हाताला काम काय? काचेची पट्टी त्यांनी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

मग एक नमुना आला, ज्यात दोन पीक अगदी चिकटून होते. स्फटिकांचं नको असलेलं रूप त्या दुसऱ्या पीकवरूनच कळणार होतं. आमच्या मशीनवर मिररने पीक थोडे रुंद येतात. दोन्ही मिळून एकच टेकाड दिसायला लागलं. दिवसभर खटपट करून हर्षदा सरांपुढे उभी राहिली.

"सर, मिरर काढूया. जुन्या पद्धतीने लावूया. पण पावडर तुमीच भरा."

सरांनी पट्टी काढली. स्कॅन संपलं तेव्हा पडद्यावर दोन पीक स्वच्छ वेगळे उभे होते. सर म्हणाले, "चला, रिटायरमेंटपर्यंतची सोय झाली." त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

*

आणि ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते.

विक्रमगडकडच्या एका डॉक्टरांनी आमची गोळी परत पाठवली. फीट येऊ नये म्हणून देतात ती. एका लहान मुलीला औषध चालू असूनही पुन्हा फीट येत होत्या. पट्टीत एकच गोळी उरली होती. ती कुटली असती तर कुटण्यानेच स्फटिकांचं रूप बदललं असतं, आणि दुसरी गोळी नव्हती. म्हणून मिरर लावून अख्खी गोळी, तिच्या गोलाईसकट, तशीच मशीनमध्ये ठेवली. स्कॅन संपेपर्यंत आम्ही तिघंही पडद्यासमोर उभे राहिलो.

पीक वेगळेच आले. पट्टीच्या सीलमधून दमट हवा आत शिरून औषधाचं रूप बदललं होतं. ते अंगात नीट उतरत नव्हतं. कंपनीने तो सगळा माल बाजारातून परत मागवला. डॉक्टरांनी मुलीला नव्या गोळ्या दिल्या.

काही महिन्यांनी गेटवरून फोन आला. ती मुलगी आणि तिचा बाप आले होते. बापाने नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी आणली होती. आत सोडता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिघंही बाहेर गेलो. बाप हात जोडून नुसता उभा राहिला. राऊत सरांनी त्याचे हात धरून खाली केले.

मुलगी हर्षदाकडे बघत होती. "माजी गोली तुमच्याकडं हाय?"

"हाय. जपून ठेवली हाय."

"मंग तिला सांगा," ती म्हणाली, "मी आता शालेत जाते."