दुभाष्याची खुर्ची

माझी मावशी सरकारी इस्पितळात दुभाषी आहे. इथली भाषा न येणारे आपले मराठी पेशंट आले की त्यांचं म्हणणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं त्यांना पोचवायचं, हे तिचं काम. पेशंटच्या जरा मागे खुर्ची टाकून ती बसते आणि जो बोलेल त्याच्या तोंडचं जसंच्या तसं सांगते. पदरचं काही घालत नाही, पोटात काही ठेवत नाही. त्यामुळे एकदा तिने चेहऱ्यावरची रेषही न हलवता डॉक्टरांना सांगितलं होतं, "हल्ली दाढी करताना मला चक्कर येते."

घरी आली की काका, म्हणजे तिचे यजमान, विचारायचे, "आज कोणकोण होतीस?"

"सकाळी बाळंतीण, दुपारी म्हातारा."

"मग चहा कोण करणार?"

"म्हाताऱ्याला कुठे जमतंय? तुम्हीच टाका."

काका इथली भाषा शिकायच्या भानगडीत कधी पडले नाहीत. घरात एक दुभाषी असताना दुसरा कशाला, हे त्यांचं म्हणणं. आळशीपणाला इतकं चांगलं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. नात्यातल्या पेशंटसाठी दुभाष्याने बसायचं नाही, असा इस्पितळाचा नियम. पण दुसरा दुभाषी वरच्या वॉर्डात अडकला होता, आणि हृदयाचे डॉक्टर नवीन होते, त्यांना नातं माहीत नव्हतं. मावशी नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसली.

डॉक्टर बोलले, मावशीने काकांना सांगितलं, "हृदयाची झडप खराब झाली आहे. ऑपरेशन करावं लागेल. नाही केलं तर वर्ष निघणं कठीण आहे."

काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ऑपरेशन नको. टेबलावरच गेलो तर? आणि डॉक्टर, माझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नका. ॲसिडिटी आहे म्हणून सांगा."

मावशीने ते पोचवलं, ॲसिडिटीसकट.

डॉक्टरांनी मान हलवली. मावशीने त्यांचं उत्तर काकांना सांगितलं, "बायकोपासून लपवणं बरं नाही. त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका." आवाज कामावरचाच होता.

"तिला विचारलं तर ती ऑपरेशन करायलाच लावेल," काका म्हणाले. "आणि मी उठलो नाही, तर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. ओळखतो मी तिला."

हे वाक्य डॉक्टरांपर्यंत गेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मावशीने काही पोटात ठेवलं.

"काय म्हणाले पेशंट?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशी उठली. खुर्ची उचलून तिने काकांच्या शेजारी ठेवली, बसली आणि त्यांचा हात धरला.

"दुसऱ्या दुभाष्याला येऊ द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "आम्ही थांबतो. पेशंटची बायको आली आहे."

हे सगळं मला ऑपरेशननंतर काकांनी सांगितलं, डॉक्टरांशी झालेलं बोलणं मावशीला विचारून घेत, चहा टाकता टाकता.